यकृतावरील शस्त्रक्रिया : उपद्रवांचे पूर्वानुमान व प्रतिबंध

शस्त्रक्रिया यथासांग पार पडली असे शल्यचिकित्सकाने सांगितले म्हणजे रुग्णाचे आप्त सुटकेचा निःश्वास टाकतात. पुष्कळ अवयवांच्या बाबतीत तो रास्तही असतो. यकृताची गोष्ट मात्र काहीशी वेगळी आहे. यकृताचा मोठा भाग काढून टाकल्यानंतर उरलेल्या भागाला त्याच क्षणापासून सगळ्या यकृताचे काम अंगावर घ्यावे लागते. ते त्याला झेपते की नाही, हे शस्त्रक्रियेच्या दिवशी कळत नाही. पुढील चार-पाच दिवसांत हळूहळू कळते.

मूळ रोगामागून, त्याच्याच आश्रयाने उद्भवणाऱ्या विकारास आयुर्वेदात ‘उपद्रव’ अशी संज्ञा आहे. शस्त्रक्रियेमागून येणारा रक्तस्राव, पित्ताची गळती, जंतुसंसर्ग, जलोदर आणि यकृताची असमर्थता यांनाही आता हीच संज्ञा लावतात. १९७० च्या दशकात यकृताचे मोठे विच्छेदन झालेल्या रुग्णांपैकी सुमारे पाचांतील एक दगावत असे. आज अनुभवी रुग्णालयांत हे प्रमाण शेकडा पाचाच्याही खाली आले आहे. या बदलाचे श्रेय केवळ शल्यचिकित्सकाच्या हस्तकौशल्याला देता येत नाही. कोणावर शस्त्रक्रिया करावी, किती भाग काढावा आणि केव्हा थांबावे, याचा निर्णय आधीच घेण्याची जी शिस्त रूढ झाली, तिचा त्यात फार मोठा वाटा आहे.

दिल्लीचा एक परिसर आणि एक रोग

दक्षिण दिल्लीत झाशीच्या राणीचे नाव धारण करणारे लक्ष्मीबाई नगर आहे. ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. तेथून जवळच १९५६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि तिच्यासमोरील सफदरजंग रुग्णालय आहे. उत्तर प्रदेश, बिहार, हरियाना आणि त्याहूनही दूरच्या प्रांतांतून आलेले रुग्ण हातात तपासण्यांच्या कागदांची पिशवी घेऊन या परिसरात येतात. त्यांत यकृत व पित्तमार्ग यांच्या रोग्यांचा भरणा बराच असतो.

त्याला एक भौगोलिक कारण आहे. पित्ताशयाचा कर्करोग दक्षिण व पश्चिम भारताच्या मानाने गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्य भारतात पुष्कळच अधिक आढळतो. पित्ताशय यकृताच्या खालच्या पृष्ठभागाला चिकटलेले असते. त्यामुळे हा कर्करोग यकृतात सहज शिरतो आणि तो काढताना यकृताचा लगतचा भागही काढावा लागतो. रोग पित्तनलिकेपर्यंत पोहोचला असेल तर यकृताचा उजवा खंड, क्वचित त्याहूनही अधिक भाग काढण्याची पाळी येते. असा रुग्ण बहुधा कावीळ झालेला, आठवडेच्या आठवडे अन्नावरची वासना उडालेला आणि वजन घटलेला असतो. ज्याचे यकृत सर्वांत जास्त कापावे लागणार, त्याच्याच यकृताची उमेद सर्वांत कमी असते. प्रस्तुत विषयाची सारी अडचण या एका विरोधात सामावली आहे.

यकृत उरलेल्यावर कसे निभावते

प्रौढ माणसाचे यकृत साधारणपणे १,२०० ते १,५०० ग्रॅम वजनाचे, म्हणजे शरीराच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाचे असते. दर मिनिटास त्यातून सुमारे दीड लिटर रक्त वाहते. त्यातील पाऊण हिस्सा आतड्यांतील पोषक द्रव्ये घेऊन येणाऱ्या प्रवेशिका नीलेतून येतो आणि उरलेला यकृत धमनीतून. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जेम्स कँटली यांनी १८९७ साली दाखवून दिले, की यकृताचे खरे विभाजन बाहेरून दिसणाऱ्या खाचेवरून होत नाही. पित्ताशयापासून मागील महानीलेकडे जाणाऱ्या एका अदृश्य रेषेवरून होते. पुढे फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ क्लोद क्विनो यांनी १९५० च्या दशकात यकृताचे आठ स्वतंत्र विभाग मांडले. प्रत्येक विभागाला स्वतःची रक्तवाहिनी आणि स्वतःची पित्तनलिका असते. एक विभाग काढला तरी शेजारचा जिवंत राहतो, हे त्यामुळे समजले आणि यकृताची शस्त्रक्रिया योजनेने करण्याजोगी झाली.

यकृताचा दुसरा गुण म्हणजे त्याची वाढण्याची शक्ती. हिगिन्स व अँडरसन यांनी १९३१ साली उंदरांच्या यकृताचा दोनतृतीयांश भाग काढून पाहिला. आठ-दहा दिवसांत उरलेला भाग वाढून जवळजवळ पूर्ववत झाला. कापलेला खंड पुन्हा फुटत नाही. उरलेला खंड आकाराने वाढतो. माणसातही हेच घडते. वाढीचा मोठा हिस्सा पहिल्या एक-दोन आठवड्यांत होतो आणि उरलेली वाढ काही महिने चालू राहते.

मात्र या वाढीलाच एक धोका जडलेला आहे. यकृताचा दोनतृतीयांश भाग गेला तरी आतड्यांकडून येणारे रक्त कमी होत नाही. तीन ओढ्यांचे पाणी एकाच ओढ्यात सोडावे, तसा रक्ताचा सारा लोंढा उरलेल्या एकतृतीयांशात शिरतो. प्रवाहाची वाढ ही यकृताला वाढण्याची आज्ञाच असते. परंतु ती मर्यादेबाहेर गेली की यकृतातील सूक्ष्म रक्तमार्गांच्या भिंती फाटतात, पेशी सुजतात आणि वाढीऐवजी ऱ्हास सुरू होतो. याच अवस्थेची परिणती यकृताच्या असमर्थतेत होते.

शिलकेचा हिशेब

यावरून पूर्वानुमानाचा पहिला नियम निघतो : काय काढायचे यापेक्षा काय शिल्लक राहणार, ते आधी मोजावे. सी. टी. स्कॅनच्या साहाय्याने यकृताच्या प्रत्येक विभागाचे आकारमान मोजता येते. यकृत निरोगी असेल तर एकूण आकारमानाच्या शेकडा २० ते २५ भाग उरला तरी पुरतो. कर्करोगावरील औषधे दीर्घकाळ दिली गेली असतील तर निदान ३० भाग हवेत. ‘सिऱ्हॉसिस’ झालेले, म्हणजे तंतूंनी व गाठींनी कडक झालेले यकृत असेल तर ४० भाग उरले पाहिजेत.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या रुग्णाच्या यकृताचे निरोगी आकारमान १,२०० घनसेंटिमीटर आहे आणि उजवा खंड काढल्यावर ४०० शिल्लक राहणार आहेत, असे समजा. म्हणजे शेकडा ३३ उरले. यकृत निरोगी असल्यास ही शस्त्रक्रिया निर्धास्तपणे हाती घेता येईल. तेच यकृत सिऱ्हॉसिसने कडक झालेले असल्यास हाच आकडा धोक्याचा ठरतो. आकडा एकच, पण त्याचा अर्थ यकृताच्या प्रकृतीवर अवलंबून असतो.

म्हणूनच आकारमानाच्या जोडीने कार्यशक्तीचीही परीक्षा करावी लागते. चाइल्ड व टरकॉट यांनी १९६४ साली सुचविलेली आणि प्यू व सहकाऱ्यांनी १९७३ साली सुधारलेली पद्धत आजही सर्वत्र वापरात आहे. तीत पाच गोष्टी पाहतात : रक्तातील बिलिरुबीन, रक्तातील अल्ब्युमिन, रक्त साखळण्यास लागणारा वेळ, जलोदर आणि मेंदूवरील परिणाम. प्रत्येकास एक ते तीन गुण देतात. बेरीज पाच-सहा आली तर रुग्ण ‘अ’ वर्गात, सात ते नऊ आली तर ‘ब’ वर्गात आणि दहा किंवा अधिक आली तर ‘क’ वर्गात पडतो. मोठे विच्छेदन सामान्यतः ‘अ’ वर्गापुरतेच राखून ठेवतात. ‘क’ वर्गातील रुग्णाच्या बाबतीत ते टाळलेच जाते.

जपानमध्ये मासातोशी माकुउची यांनी याहून सूक्ष्म नियम घालून दिला. इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग शिरेतून देतात. यकृत तो रक्तातून उचलून पित्तात टाकते. पंधरा मिनिटांनंतर रक्तात दहा टक्क्यांपेक्षा कमी रंग उरला असेल आणि जलोदर व कावीळ नसेल, तर यकृताचा दोनतृतीयांशापर्यंतचा भाग काढता येतो. दहा ते एकोणीस टक्के उरला तर एकतृतीयांशापर्यंतच मर्यादा ठेवावी. वीस ते एकोणतीस टक्के उरला तर एखाद्या विभागापुरती. तीस टक्क्यांच्या वर उरला तर केवळ गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडासा भाग. या नियमात शल्यचिकित्सकाच्या धाडसाला वाव ठेवलेला नाही, हेच त्याचे मोठेपण होय.

सुरीआधीचा प्रतिबंध

हिशेब तोट्याचा आला म्हणून रुग्णाला परत पाठवावे लागते असे नाही. शिल्लक वाढवता येते. माकुउची व त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९८० च्या दशकात एक युक्ती प्रचारात आणली. जो खंड काढायचा आहे, त्याकडे जाणारी प्रवेशिका नीलेची शाखा त्वचेतून घातलेल्या सुईच्या मार्गाने आधीच बंद करतात. मग सारा प्रवाह राखावयाच्या खंडाकडे वळतो आणि तीन ते सहा आठवड्यांत तो खंड वाढतो. शस्त्रक्रियेनंतर एकाएकी पडणारे ओझे असे आधीच, सोसवेल अशा बेताने लादले जाते. या उपायाचा आणखी एक लाभ आहे. एवढे करूनही जे यकृत वाढत नाही, ते विच्छेदनानंतरही वाढणार नाही, अशी सूचना आधीच मिळते. येथे उपाय आणि परीक्षा एकच होतात.

काविळीचा प्रश्नही असाच आधी सोडवावा लागतो. पित्तनलिका अडली असेल आणि मोठा खंड काढायचा असेल, तर राखावयाच्या भागातील तुंबलेले पित्त नळी घालून काही आठवडे बाहेर काढतात. बिलिरुबीन उतरते आणि यकृत सावरते. मात्र नळीच्या मार्गाने जंतू शिरण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येक कावीळग्रस्ताला सरसकट नळी घालणे इष्ट नव्हे.

पोषणाकडे दुर्लक्ष केल्यास बाकीची तयारी व्यर्थ जाते. महिना-दीड महिना पेज आणि ताकावर काढलेल्या रुग्णाचे स्नायू झडलेले असतात. खोकून कफ बाहेर काढण्याचीही ताकद त्याच्यात उरत नाही. अशा रुग्णाला प्रथिनयुक्त आहार, श्वासाचे व्यायाम आणि रोजचे चालणे यांवर दोन-तीन आठवडे घालवणे हा वेळेचा अपव्यय नसतो. मद्य व तंबाखू सोडवणे, मधुमेह ताब्यात आणणे, ‘ब’ प्रकारच्या काविळीचे विषाणू रक्तात असल्यास त्यांवर आधीच औषध सुरू करणे, हीही याच तयारीची अंगे आहेत. यकृतात चरबी साठलेली असेल, तर काही आठवड्यांच्या मिताहाराने ती बरीच कमी करता येते.

शस्त्रक्रियागृहातील दक्षता

ग्लासगोचे हॉगर्थ प्रिंगल यांनी १९०८ साली यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांची जुडी बोटांच्या चिमटीत धरून रक्तस्राव थांबवण्याची पद्धत वर्णिली. आजही ती वापरतात. मात्र पंधरा मिनिटे प्रवाह अडवल्यावर पाच मिनिटे तो मोकळा सोडतात, म्हणजे यकृताला श्वास घेण्यास उसंत मिळते. भूलतज्ज्ञाचे सहकार्य येथे निर्णायक असते. विच्छेदन चालू असताना शिरेतून द्यावयाचा द्राव हात राखून दिला, तर मोठ्या नीलांतील दाब कमी राहतो आणि कापलेल्या पृष्ठभागातून रक्त कमी गळते. रक्त जितके कमी गमावले जाईल, तितके बाहेरचे रक्त कमी द्यावे लागते आणि पुढील जंतुसंसर्गाचा धोकाही तितकाच घटतो.

पहिले पाच दिवस

शस्त्रक्रियेनंतर प्रत्येक उपद्रवाची वेळ बहुधा ठरलेली असते. ती ठाऊक असली म्हणजे कोणत्या दिवशी काय पाहायचे हे कळते.

पहिल्या दोन दिवसांत भीती असते ती रक्तस्रावाची. नाडी जलद होत जाणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे या खुणा रक्तदाब उतरण्यापूर्वीच दिसू लागतात. याच काळात रक्तातील साखरही उतरू शकते, कारण साखरेचा साठा सांभाळणारे कोठारच लहान झालेले असते.

तिसऱ्या दिवसापासून पित्तगळतीकडे लक्ष द्यावे लागते. पोटात निचऱ्याची नळी ठेवलेली असल्यास तीतून येणाऱ्या द्रवातील बिलिरुबीन आणि रक्तातील बिलिरुबीन यांची तुलना करतात. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर द्रवातील प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या तिप्पट किंवा अधिक असेल, तर ती पित्तगळती समजावी, अशी व्याख्या २०११ साली आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने निश्चित केली. पित्त पोटात साचू दिले नाही तर बहुतेक गळती आपोआप बंद होते. साचलेल्या पित्तात जंतू वाढले म्हणजे मात्र तीच गळती जिवावर बेतते.

पाचवा दिवस कसोटीचा. यकृत रक्त साखळवणारी द्रव्ये तयार करते. त्यांतील काही अवघ्या काही तासांत संपतात व पुन्हा तयार व्हावी लागतात. अल्ब्युमिन मात्र आठवडेच्या आठवडे रक्तात टिकते. म्हणून यकृताची आजची स्थिती जाणावयाची तर अल्ब्युमिनपेक्षा रक्त साखळण्याचा काल पाहावा. पॅरिसजवळील क्लिशी येथील बेल्गिती व सहकाऱ्यांनी २००५ साली एक सोपा निकष मांडला. पाचव्या दिवशी रक्त साखळण्याची प्रोथ्रॉम्बिनवरून मोजलेली शक्ती नेहमीच्या निम्म्याहून कमी असेल आणि त्याच वेळी बिलिरुबीन दर डेसिलिटरला सुमारे ३ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर धोका अत्यंत गंभीर समजावा. त्यांच्या रुग्णांत या दोन्ही गोष्टी एकत्र आढळलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावले. एकच आकडा बिघडलेला असेल तर यकृत अजून झुंजत असते. दोन्ही बिघडले म्हणजे ते हरू लागलेले असते.

आकड्यांच्या आधी काही गोष्टी माणसांना दिसतात. रुग्ण दिवसा झोपतो आणि रात्री टक्क जागा राहतो. नेहमीची सही वाकडी येते. हात पुढे धरल्यास पंजा फडफडतो. परिचित माणसाचे नाव आठवत नाही. यकृताने न गाळलेली द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचू लागल्याची ही लक्षणे होत. फेरीवर येणाऱ्या वैद्यापेक्षा उशाशी बसलेल्या पत्नीला किंवा भावाला ती आधी जाणवतात. अशा वेळी झोपेचे औषध देऊन रुग्णाला शांत करणे घातक ठरते. बद्धकोष्ठ दूर करणे, जंतुसंसर्ग शोधून त्यावर उपचार करणे, शरीरातील पाणी व क्षार यांचा तोल सांभाळणे हे योग्य उपाय होत. यकृताची असमर्थता पुष्कळदा अशा एखाद्या लहान निमित्ताने उसळते आणि ते निमित्त दूर केले म्हणजे ओसरते.

रक्त साखळण्यास वेळ लागतो म्हणून पायांच्या शिरांत गुठळी होणार नाही, असा समज करून घेणे चुकीचे आहे. शस्त्रक्रियेनंतर दोन्ही धोके एकाच देहात नांदू शकतात. म्हणून रुग्णाला शक्य तितक्या लवकर उठवून चालवणे, लवकर अन्न सुरू करणे आणि योग्य त्या रुग्णांस गुठळीविरोधी औषध देणे, हे आता नित्याचे उपचार झाले आहेत.

निरोगी माणसावरील शस्त्रक्रिया

पूर्वानुमानाची खरी नैतिक कसोटी लागते ती दात्याच्या बाबतीत. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली संमत झाला. फेब्रुवारी १९९५ मध्ये तो प्रथम महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयात दोन वर्षांहून लहान असलेल्या एका मुलावर यकृताचे यशस्वी प्रत्यारोपण झाले. भारतात लहान मुलावरील यशस्वी यकृत प्रत्यारोपणाची ती पहिली घटना होय. मुलाला जन्मतः पित्तमार्ग नव्हता आणि यकृताचा भाग त्याच्या वडिलांनी दिला होता. तो मुलगा मोठा होऊन स्वतः डॉक्टर झाला.

येथेही हिशेब शिलकेचाच असतो, पण तो दोन देहांत मांडावा लागतो. घेणाऱ्याच्या वजनाच्या निदान ०.८ टक्के यकृत त्याला मिळाले पाहिजे. १० किलोग्रॅम वजनाच्या बालकाला ८० ग्रॅमही पुरतात. म्हणून प्रौढाच्या डाव्या बाजूचा दोनअडीचशे ग्रॅमचा तुकडा त्याला भरपूर होतो आणि दात्याकडे चारपंचमांश यकृत राहते. घेणारा ६० किलोग्रॅमचा प्रौढ असेल तर ४८० ग्रॅम लागतात. मग बहुधा उजवा खंड द्यावा लागतो आणि दात्याकडे एकतृतीयांशाच्या आसपास उरते. डाव्या बाजूचा लहान तुकडा देणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण स्थूलमानाने हजारी एक, तर उजवा खंड देणाऱ्यांत हजारी दोन ते पाच मानले जाते.

हे आकडे लहान आहेत. पण दाता रोगी नसतो, हे विसरता येत नाही. रोग्यावर शस्त्रक्रिया न करण्यातही धोका असतो. दात्याच्या बाबतीत सारा धोका शस्त्रक्रियेनेच निर्माण केलेला असतो. म्हणून दात्याकडे तीस ते पस्तीस टक्क्यांहून कमी यकृत उरणार असेल, त्याच्या यकृतात चरबी अधिक असेल किंवा पित्तनलिकांची रचना अडचणीची असेल, तर नकार देणे हाच श्रेष्ठ प्रतिबंध होय. आपल्याकडे घरातील वडीलधाऱ्यांच्या शब्दाखातर पुढे येणारी सून किंवा धाकटा भाऊ स्वतःची भीती बोलून दाखवीत नाही. त्याच्याशी एकांतात बोलण्याची आणि त्याने माघार घेतल्यास कारण गुप्त ठेवण्याची जबाबदारी वैद्यांवर येते.

रुग्णालयाबाहेरचे दिवस

आठ-दहा दिवसांनी रुग्णाला घरी सोडतात; पण दूरच्या गावाहून आलेल्यांचे घर जवळ नसते. कोणी धर्मशाळेत उतरतो, कोणी खोली भाड्याने घेतो, तर कोणी लक्ष्मीबाई नगरासारख्या वसाहतीतील दोन खोल्यांच्या सरकारी घरात नातलगाकडे राहतो. अशा यजमानावर नकळत परिचारकाचे काम येऊन पडते. उपद्रवांपैकी काही याच काळात डोके वर काढतात. म्हणून कशाकडे लक्ष ठेवायचे, हे त्यालाही ठाऊक असले पाहिजे.

थंडी वाजून ताप येणे, डोळे पुन्हा पिवळे दिसणे, लघवी गडद आणि शौच पांढुरकी होणे, पोट फुगत जाणे, जखमेतून पिवळा-हिरवा द्रव येणे, शौचावाटे काळे रक्त पडणे, एकच पाय सुजणे, झोपेची वेळ उलटी होणे अथवा बोलण्यात असंबद्धता येणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास ठरलेल्या तपासणीच्या दिवसाची वाट पाहू नये. पाणी उकळून निवलेले प्यावे. दुखणे थांबवण्याच्या गोळ्या वैद्याने सांगितलेल्या मात्रेबाहेर घेऊ नयेत, कारण पॅरासिटामॉलसारखे रोजच्या परिचयाचे औषधही अशा यकृताला बाधू शकते. हितचिंतकांनी आणून दिलेले काढे व भस्मे दूर ठेवावीत. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे एक वेळही चुकता कामा नयेत.

गावी परतताना शस्त्रक्रियेचा गोषवारा, शेवटच्या रक्ततपासणीचे आकडे आणि औषधांची यादी एका कागदावर लिहून घ्यावी. जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरला रुग्णाचे यकृत किती उरले आहे, हे त्या कागदावरूनच कळणार असते.

उपद्रव पूर्णपणे टाळणे कोणत्याही रुग्णालयाला साधलेले नाही. तथापि, शिल्लक मोजून सुरी उचलणे, शिल्लक अपुरी असल्यास ती वाढण्याइतका धीर धरणे आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पाच दिवसांत प्रत्येक दिवशी योग्य ती गोष्ट पाहणे, या तीन गोष्टी बिनचूक केल्या तर उपद्रव आला तरी तो गाफील गाठीत नाही. वेळीच ओळखलेला उपद्रव बहुधा आवरता येतो. यकृताला वाढण्याची शक्ती निसर्गाने दिली आहे. तिला अवसर मिळवून देणे, एवढेच चिकित्सेचे काम आहे.